एका बाजूने जाड भाकरी

आमच्या घरची कडक भाकरी ओळखायला सोपी आहे. तिची एक बाजू जरा जाड असते. बाकी सगळीकडे पापडासारखी पातळ आणि एका कडेला मात्र कोणी तरी बोटं टेकवून थांबल्यासारखी. नवं गिऱ्हाईक विचारतं, "ताई, ही बाजू अशी का हो?" मी म्हणते, "ती तशीच येते. नको असेल तर पुढच्या गल्लीत मिळते की." माझ्या तोंडाला लगाम नाही हे सगळ्या वस्तीला ठाऊक आहे, त्यामुळे कोणी मनावर घेत नाही. खरं उत्तर लांबलचक आहे, ते दारात उभं राहून सांगता येत नाही. म्हणून इथे लिहिते.

आधी भाकरीबद्दल. सोलापूरबाहेरच्या माणसाला कडक भाकरी म्हटलं की शिळी भाकरी वाटते. माझी पुण्याची जाऊ पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा तिने ती दुधात भिजत घातली होती. मी तिला अजून चिडवते. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, परातीत थापत थापत अगदी पातळ करायचं, तव्यावर भाजायचं आणि मग मंद आचेवर फडक्याने दाबून दाबून तिच्यातलं सगळं पाणी घालवायचं. अशी भाकरी कितीही दिवस राहते. शेंगाचटणी, घट्ट दही आणि ही भाकरी असली की मला पंचपक्वान्न नको.

पण ती विकायची तर अख्खी लागते. मोडलेली कोणी घेत नाही. त्यामुळे माझं निम्मं आयुष्य भाकरी मोडू नये म्हणून जपण्यात गेलं. थापताना जप, तव्यावर टाकताना जप, कापडात बांधताना जप. मोडलेल्या भाकरींसाठी आमच्याकडे एक वेगळा पत्र्याचा डबा होता. त्यातलं घरात खायचं, पाहुण्यांपुढे ठेवायचं नाही.

ही विद्या मला शेजारच्या अक्कांनी शिकवली. अक्का दुधनीकडच्या. माहेरी कानडी, सासरी मराठी, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. पहाटे अंघोळ, कपाळावर विभूतीचे पट्टे, महादेवाची पूजा, मग चहा. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा माझी भाकरी जाड आणि मऊ व्हायची. अक्कांनी ती उचलून उलटसुलट बघितली आणि म्हणाल्या, "ही भाकरी हाय का उशी?" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला आपल्या चुलीपुढे बसवलं. पुढे त्यांचा खांदा धरला, त्यांनी विकायच्या भाकरी सोडल्या आणि आपली गिऱ्हाइकं माझ्याकडे पाठवून दिली.

आम्ही ख्रिस्ती. माहेरही, सासरही. नाताळात माझ्याकडून त्यांच्याकडे करंज्या आणि केक जायचा, संक्रांतीला त्यांच्याकडून शेंगापोळी यायची. पण त्या कधी आमच्या चर्चमध्ये आल्या नव्हत्या आणि मी कधी त्यांच्या देवघरापाशी बसले नव्हते. त्याची कधी गरजच पडली नाही.

खरं सांगायचं तर मीही चर्चमध्ये जायचे ती सवयीने. रविवार आला की केस विंचरावेत तसं. गायनं पाठ, प्रार्थना पाठ, कुठे उभं राहायचं आणि कुठे बसायचं तेही पाठ. प्रवचनाच्या वेळी मी मनात दुसऱ्या दिवशीचं पीठ मोजायचे. देवाशी माझं भांडण नव्हतं, फारशी ओळखही नव्हती.

फक्त एक दिवस मला मनापासून आवडायचा, तो म्हणजे हंगामाचा सण. रबीची ज्वारी निघाली की आमच्या चर्चमध्ये तो होतो. ज्याच्या त्याच्या हातून वर्षभरात जे निघालं त्यातलं पहिलं आणि चांगलं देवापुढे आणायचं. मंगळवेढ्याकडची शेतकरी मंडळी पांढऱ्याशुभ्र ज्वारीची पायली आणतात, कणसांच्या जुड्या आणतात. कोणी भोपळा, कोणी कोंबडी. शहरातले लोक चादर, टॉवेल, शिवलेली झबली आणतात. समोर पायऱ्यांवर सगळ्याचा ढीग लागतो आणि कोंबडी प्रवचनात मधूनच बोलते. शेवटी प्रत्येक घरातलं एक माणूस उभं राहून देवाचे आभार मानतं, एकाच वाक्यात. मी दर वर्षी कडक भाकरींची उंच चवड पांढऱ्या कापडात बांधून न्यायचे. एकही मोडलेली नाही. ढिगाकडे बघताना लोकांची नजर आधी माझ्या चवडीवर जायची, आणि मला ते फार आवडायचं.

मग माझा हात गेला.

झालं ते अगदी साधं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, चांगलं वाट बघायला लावून येतं. आलं की गल्लीत नुसता गोंधळ. मोटारी सुरू होतात, बादल्या आपटतात, माणसं एकमेकांना हाका मारतात. त्या दिवशी मी भरलेली घागर घेऊन गच्चीचा जिना चढत होते. पायरी ओली होती. घागर वाचवायच्या नादात मी स्वतःला वाचवलं नाही आणि उजव्या मनगटावर सगळा भार घेऊन पडले. घागरीला पोचासुद्धा आला नाही, हे मला आजही लागतं.

ऑपरेशन झालं, आत स्टीलची पट्टी बसवली, टाके निघाले. हाड जुळलं, पण बोटं काही जुळेनात. मूठ मिटायची नाही, तळवा सपाट व्हायचा नाही. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, थोडा फरक पडेल, पण पूर्वीसारखा होईल असं सांगत नाही. त्यांनी दाबायला एक लाल मऊ चेंडू दिला. मी तो घरी येऊन कोपऱ्यात फेकला. ज्या तळव्यावर माझं घर चाललं होतं, तो आता साधा सलाम करायलाही उठत नव्हता. आमच्यात नमस्काराला सलाम म्हणतात. चर्चमध्ये कोणी "सलाम" म्हटलं की मी डावा हात वर करायचे आणि मला रडू यायचं.

पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, भेटायला आले. शांत, जरा लाजरे गृहस्थ. खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी विचारलं, "ताई, प्रार्थना करू ना?"

मी म्हटलं, "करा. पण मागा. आभार मानू नका. मला माझा हात परत पाहिजे. तो मिळाला की आभार मी स्वतः मानीन, तोवर माझ्या वतीनं कोणी मानायचे नाहीत."

आमचे हे तिथेच उभे होते. ह्यांचं सगळं आयुष्य चादरीच्या कारखान्यात मागांच्या खडखडाटात गेलं, त्यामुळे ह्यांना हळू बोलता येत नाही. हे कुजबुजले, "अगं, पाळकांशी असं बोलतात का?" आणि ते कुजबुजणं समोरच्या किराणा दुकानापर्यंत गेलं.

पाळकसाहेब मात्र रागावले नाहीत. "बरं," म्हणाले आणि त्यांनी खरोखर फक्त मागितलं. एकही आभार नाही. प्रार्थना इतकी छोटी झाली की चहा व्हायच्या आत संपली.

मी देवावर रागावले होते आणि ते लपवण्याची मला गरज वाटली नाही. सकाळी उठले की हात पुढे करून म्हणायचे, बघ, अजून तसाच आहे. आजवर पाठ केलेल्या प्रार्थनांपेक्षा हे बोलणं जास्त खरं होतं, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा मी नुसतीच भांडत होते.

त्या दिवसांत अक्का रोज सकाळी भाकरी घेऊन यायच्या. मऊ, गरम, फडक्यात गुंडाळलेल्या.

"यव्वा, उठलीस व्हय? गरम हायेत तवर खा की. आन् त्येनलाबी वाढ."

मी घ्यायचे आणि मला ते अजिबात आवडायचं नाही. देताना माझा हात सैल होता, घेताना जीव आखडायचा. सगळ्या गल्लीला भाकरी पुरवणाऱ्या बाईने दुसऱ्याच्या चुलीवरचं खायचं! तोंडाने मी "कशाला त्रास घेता" म्हणायचे, आणि मनात म्हणायचे की नका येऊ.

एक दिवस त्या भाकरी ठेवायला वाकल्या तेव्हा मला बामचा वास आला. मी त्यांच्या ब्लाउजच्या बाहीकडे बघितलं. खांद्याला बाम चोळून वर गरम फडकं बांधलं होतं. आपल्या घरापुरत्या चार भाकरी थापतानाही ज्यांचा खांदा ठणकतो, त्या बाई रोज आमच्यासाठी जास्तीच्या थापत होत्या. मला एकदम राग आला. त्यांचा, माझा, कोणाचा ते कळेना.

"अक्का, उद्यापासून आणू नका. आम्ही पाव खाऊ."

"का गं?"

"तुमचा खांदा बघा आधी."

अक्का खाली बसल्या. परातीकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, मग आपल्या खांद्याकडे.

"बरं. उद्यापास्नं आणत न्हाय," त्या म्हणाल्या. "उद्यापास्नं हितंच करू. माझा खांदा चालत न्हाय, तुजा हात चालत न्हाय. दोगींची मिळून एक बाई हुईल की."

"मला नाही जमायचं."

"हात मोडलाय, त्वांड तर चालतंय न्हवं? मंग गप बसायची न्हाईस, मला ठावं हाय. बडबडत थाप."

दुसऱ्या दिवशी त्या खरंच आल्या. परात मध्ये घेऊन आम्ही समोरासमोर बसलो. पीठ मळायला त्यांनी माझा उजवा हात परातीत घातला. "त्यो चेंडू ठिव तितं कोपऱ्यात. ह्ये दाब." कोमट पिठात बोटं बुडाली आणि दुखली, पण लाल चेंडूचं दुखणं वेगळं आणि हे वेगळं. हे दुखणं ओळखीचं होतं. मग मी डाव्या हाताने थापायला घेतलं. डावा हात म्हणजे आयुष्यभर नुसता मदतनीस. त्याला थापणं माहीत नव्हतं, तो नुसता मारत होता. भाकरी एकीकडे पळायची, दुसरीकडे फाटायची. अक्का बोटं टेकवून तिची कड धरून ठेवायच्या आणि परातीत फिरवायच्या. त्यांच्या खांद्याला तेवढंच झेपत होतं.

पहिल्या भाकरीचा आकार काय सांगू. ह्यांनी ती हातात घेऊन निरखली आणि म्हणाले, "हा तर आपला सोलापूर जिल्हा. ही खाली होटगी, ही वर मोहोळकडं जाणारी सडक." मी लाटणं फेकून मारणार होते, पण तेही डाव्या हाताने फेकावं लागलं असतं. मला हसू आलं. हात गेल्यापासूनचं ते पहिलं हसू. अक्का तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, "नकाशा भाजून घे. जिल्ला कच्चा ऱ्हाऊ देऊ नगंस."

असे आम्ही रोज नकाशे भाजायला लागलो. मोडक्या भाकरींचा तो डबा भरून वाहायला लागला. दोन्ही घरं तेच खायची. अक्का त्यांच्या माहेरच्या गोष्टी सांगायच्या, मी चर्चमधल्या चहाड्या सांगायचे, आणि हे दारातून ओरडून आपलं मत द्यायचे. सकाळी हात पुढे करून देवाशी भांडायचं एक दिवस माझ्याकडून राहून गेलं. मग पुष्कळदा राहायला लागलं. अक्का यायच्या आधी चूल पेटवायची घाई असायची ना.

कडक भाकरी मात्र जमेना. पातळ केली की फाटायची, सुकवायला घेतली की तव्यावर तडकायची. आणि तेवढ्यात हंगामाचा सण आला.

मी ह्यांना सांगून टाकलं, "या वर्षी मी काही नेणार नाही. नेण्यासारखं हातून निघालंच नाही. आणि आभाराला तुम्ही उभे राहा, मी उभी राहणार नाही."

"मी उभा राहिलो तर माइक लागायचा नाही," हे म्हणाले.

आदल्या दिवशी संध्याकाळी एक भाकरी बरी झाली. पातळ झाली, सुकली आणि मोडली नाही. फक्त अक्कांनी जिथे कड धरली होती ती बाजू जाड राहिली आणि वर त्यांच्या बोटांचे ठसे उमटले. मी म्हटलं, "चला, एक तरी अख्खी." ताटलीत ठेवून वर फडकं टाकलं आणि विसरून गेले.

सकाळी आम्ही निघालो तेव्हा अक्का दारात उभ्या होत्या. एवढं नटूनथटून कुठं निघालात, म्हणून त्यांनी विचारलं. ह्यांनी आपल्या आवाजात सण समजावून सांगितला. आपल्या हातचं देवाला कसं न्यायचं ते सगळं. मी पुढे चालत होते, रिकाम्या हातांनी.

चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसले. पायऱ्यांवर ढीग लागला होता. ज्वारी, भोपळे, चादरी, पाय बांधलेली एक कोंबडी. माझ्या चवडीची जागा कोणी घेतली नव्हती, किंवा मलाच तिथे मोकळं दिसत होतं. त्या दिवशी प्रभुभोजनही होतं. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून आम्ही सगळे मिळून पाव आणि द्राक्षरस घेतो, त्यासाठी वर मेजावर पांढरं वस्त्र अंथरून प्याला आणि ताट झाकून ठेवलं होतं. ताटात नेहमीप्रमाणे बेकरीचा पाव.

दुसरं गीत चालू असताना मागचं दार उघडलं. मी वळून बघितलं आणि माझा सूरच गेला. अक्का! कपाळावर विभूती, डोक्यावर पदर, चपला बाहेर काढलेल्या, आणि हातात आमच्या घरची ताटली, तीच फडक्याने झाकलेली. घराची किल्ली त्यांच्याकडे असतेच. त्या मधल्या वाटेने सरळ चालत निघाल्या. सगळे उभे राहून गात होते, त्यामुळे कोणी त्यांना अडवलं नाही. त्या ढिगापाशी आल्या, कोंबडीकडे जरा नापसंतीने बघितलं, ढीग ओलांडून पायऱ्या चढल्या, आणि ताटली थेट प्रभुभोजनाच्या मेजावर ठेवली, प्याल्याच्या शेजारी. हात जोडले, गालाला हात लावून घेतला, वळल्या, मला शोधलं आणि माझ्याशेजारी येऊन बसल्या.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "अक्का, कुठं ठेवलीत?"

"देवाम्होरं," अक्का म्हणाल्या. "सगळ्यांनी खाली पायरीवर ठिवलंय. देवाचं ताट वर हाय की. मंग काय कोंबडीजवळ ठिवू?"

देवळात नैवेद्य जितका देवाजवळ नेता येईल तितका न्यायचा, हे ज्यांना माहीत त्यांना आमचं मेज म्हणजे काय हे कोण सांगणार? मला वाटलं, पाळकसाहेब ताटली हळूच उचलून बाजूला ठेवतील आणि माझी सुटका होईल. मी मान खाली घालून बसले.

प्रभुभोजनाची वेळ आली. पाळकसाहेबांनी वस्त्र काढलं. पावाचं ताट दिसलं, आणि शेजारची ताटली. त्यांनी फडकं उचललं. भाकरीकडे बघितलं. सगळ्या मंडळीत अशी भाकरी एकाच घरची असते, त्यामुळे कोणाची हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी तिच्या जाड बाजूवरून बोट फिरवलं. मग मान वर करून मागच्या बाकाकडे पाहिलं. माझ्याकडे आणि अक्कांकडे. त्यांनी पाव बाजूला सरकवला आणि ती भाकरी दोन्ही हातांनी उचलली.

नेहमीचे शब्द ते म्हणाले. शत्रूंच्या हाती धरून दिलं जाण्याआधी प्रभू येशूने भाकर घेतली, आभार मानले आणि ती मोडली. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. दर वेळी समोर पाव असायचा, आणि पाव मोडताना काही ऐकू येत नाही. कापूस पिंजावा तसा तो सुटतो. त्या दिवशी पाळकसाहेबांच्या हातात कडक भाकरी होती आणि समोर माइक होता.

कड्डाक्!

सगळं चर्च दचकलं. पुढच्या बाकावरचं बाळ रडायला लागलं. कोंबडीने पंख फडफडवले. जो आवाज होऊ नये म्हणून मी आजवर जपत होते, तो माझ्या सगळ्या आयुष्यातला सर्वांत मोठा आवाज तिथे, मेजापुढे झाला होता. आणि तो होण्याआधी आभार मानून झाले होते.

आधी आभार, मग मोडणं. मला हे कधी ऐकूच आलं नव्हतं. आपण मोडले जाणार हे ज्याला माहीत होतं, त्याने भाकर हातात धरून आधी आभार मानले. त्याच्यापुढे तर त्या वेळी काहीच बरं झालेलं नव्हतं. आणि मी त्याला अट घालून बसले होते, आधी हात दे, मग बघू. मी तिथे बसून रडले. दुःखाने नाही. कोणी तरी आपल्याला ओळखतं हे अचानक कळल्यावर येतं तसं ते रडू होतं.

भाकरीचे तुकडे करून ताट फिरलं. ताट आमच्या बाकावर आलं तेव्हा मी एक छोटा तुकडा घेतला. अक्कांनी ताट पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "तुमी खा. माज्या घरी डबाभर हाय की." मग माझ्या तोंडाकडे निरखून बघत विचारलं, "कच्ची न्हाय ना ऱ्हायली?"

मी मान हलवली. आणि तेवढ्यात शांत मनन सुरू झालं. डोळे मिटून, अगदी चिडीचूप बसायचं असतं. पण सगळ्यांच्या तोंडात कडक भाकरी होती. ती विरघळत नाही. चावावी लागते. पहिल्या बाकावरून कुरुम असा आवाज आला. मग डावीकडून कुरुम, उजवीकडून कुरुम. म्हाताऱ्या माणसांनी गालात धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण किती वेळ धरणार? सगळं चर्च कुरुमकुरुम करायला लागलं. पाळकसाहेबांना पुढचं वाक्य म्हणायचं होतं, पण त्यांच्याच तोंडात जाड बाजूचा तुकडा आला होता. ते चावत राहिले आणि आम्ही वाट बघत राहिलो. आमचे हे कुजबुजले, "अगं, चांगली कडक झालीय!" ते सगळ्यांना ऐकू गेलं आणि सगळं चर्च हसलं. पाळकसाहेबही हसले, तोंडावर रुमाल धरून. त्या हसण्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही. प्रभूही हसला असेल, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

मग एकेका घराचे आभार सुरू झाले. चांगल्या ज्वारीसाठी, मुलीच्या नोकरीसाठी, आईचा ताप उतरला त्यासाठी. आमच्या बाकाची पाळी आली. हे उठायला लागले, तर मी त्यांना खाली बसवलं. ह्यांच्या तोंडाचा आ तसाच राहिला.

मी उभी राहिले. उजवा हात पदराखाली होता, तो बाहेर काढला. बोटं अजून तशीच, अर्धी मिटलेली.

"प्रभू, मी तुझ्याकडे उजवा हात मागितला होता," मी म्हटलं. "तू तो दिलास. तो माझ्या शेजारी बसलाय. तुझे आभार मानते."

एकाच वाक्यात सांगायचं असतं, माझी तीन-चार झाली. कोणी तरी "आमेन" म्हणालं, मग सगळेच म्हणाले. अक्कांनी माझा पदर ओढला.

"काय म्हणालीस गं? हळू बोललीस, कळलं न्हाय."

मी उत्तर द्यायच्या आत हे कुजबुजले, "अक्का, ती तुमच्यासाठी देवाचे आभार मानतेय!" आणि शेवटच्या बाकापासून पायऱ्यांवरच्या कोंबडीपर्यंत सगळ्यांना ते कळलं. माना वळल्या. अक्कांनी पदर पुढे ओढून तोंड झाकलं. त्या लाजल्या होत्या. मी त्यांना लाजताना पहिल्यांदा बघितलं.

"घरी बोल की ह्ये सगळं," त्या पदराआडून म्हणाल्या. "आता चल. पाणी यायची येळ झाली."

पाळकसाहेबांनी शेवटचा आशीर्वाद त्या दिवशी जरा घाईतच दिला. नळ त्यांच्याकडेही त्याच वेळेला येतो.

घरी पोचलो तेव्हा गल्लीत गोंधळ सुरू झाला होता. चांगली साडी खोचून मी घागर भरली. तीच, पोचा न आलेली. गच्चीचा जिना ओला होता. मी डाव्या हाताने घागरीची एक कड धरली, अक्कांनी त्यांच्या बऱ्या खांद्याकडच्या हाताने दुसरी, आणि एकमेकींना बडबडत आम्ही एकेक पायरी वर चढलो.